कराडला धावपट्टी आहे, पण पायलट व्हायला रान विकायचं का?

कराडची धावपट्टी सुमारे १,२८० मीटरची. कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात झालेली. आता विस्तारीकरणाला वारुंजी, मुंढे भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. सांगलीकरांचं कवलापूर तर वर्षानुवर्षं मागणीतच अडकलंय. विमानतळाचं व्हायचं ते होईल, पण बारावीचा निकाल लागला की हल्ली एक नवाच प्रश्न कानावर येतो: पोराला पायलट करायचंय, रान काढावं का?

व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. फी, राहणं-खाणं, परीक्षा धरून खर्च सहज ५० लाखांच्या पुढं जातो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. खरी गोची इथंच आहे. थकीत कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँका रान तारण घ्यायला नाखूश असतात. शहरातल्या माणसाचा फ्लॅट चालतो, आपलं बागायत रान चालत नाही. मग उरतं ते विकणं. बरं, परवाना हातात आला तरी मोठं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचे पुन्हा काही लाख. नोकरीची हमी कुणी देत नाही.

म्हणून इसार घ्यायच्या आधी पोराची वैद्यकीय तपासणी करा. आधी क्लास टू, मग क्लास वन. रंग नीट ओळखता येत नसतील तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. आपल्याकडं डॉक्टरकीच्या नादात पोरं गणित सोडतात, पण ते मुक्त विद्यालयातून नंतर देता येतं.

संस्था निवडताना जाहिरातीवर जाऊ नका. डीजीसीएनं ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण संस्थांना दर्जा द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या, अ-प्लस सोडाच, अ दर्जासुद्धा एकीलाही मिळाला नाही. विमानं किती, शिकवणारे किती आणि २०० तास पुरे व्हायला मागच्या बॅचला किती महिने लागले, हे तिथल्या पोरांनाच गाठून विचारा. विमान दुरुस्तीत असेल तर महिनेच्या महिने पोरगं जमिनीवर बसून राहतं, मेसचं बिल मात्र चालू. सगळी फी एकदम मागत असतील तर हात आखडा. जेवढे तास उडाले तेवढेच पैसे, असं लेखी घ्या.

इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी महाज्योतीनं नागपुरात प्रशिक्षणाची योजना काढली होती. जागा जेमतेम २०. आपल्या आमदार-खासदारांनी धावपट्टीइतकंच या जागांसाठीही भांडायला हवं.