मेलबर्नचे खाते

मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव किल्ल्यामुळे जितके ओळखले जाते, तितकेच ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळेही. अशा बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला धातूची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कांसे. भांडे बोटाने वाजवले की त्याचा नाद कानाला बरेच काही सांगून जातो, उरलेला हिशेब तराजू सांगतो. या धातूंपैकी कांसे ऑलिंपिक स्पर्धेत तिसऱ्या आलेल्याच्या गळ्यात पडते. चौथ्याला काहीच मिळत नाही. वजन नाही, नाद नाही आणि मोडीत घालायलाही काही उरत नाही.

७ डिसेंबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे भारताच्या फुटबॉल संघाचे हेच झाले. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचणारा तो आशियातील पहिला देश ठरला होता, आणि तेवढी मजल भारताने त्यानंतर पुन्हा कधी मारली नाही. १९६० साली रोमला संघ गेला, पण पहिल्या गटातूनच परतला. त्यानंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर भारताचा पुरुष संघ आजतागायत उतरलेला नाही.

‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला आणि त्या काळाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले. हैदराबादचे हे शिक्षक पुढे हैदराबाद पोलिसांच्या आणि देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. चित्रपटानंतर ‘सुवर्णकाळ’ हा शब्द पुष्कळ वापरला गेला. व्यापारी घरातील माणूस मात्र असा शब्द ऐकला की मनातल्या मनात चोपडी उघडतो आणि सुवर्ण नेमके किती, हे विचारतो. हा प्रश्न कोता नाही. ज्या अभिमानाचा हिशेब मांडता येत नाही, तो अभिमान पहिल्याच विरोधी प्रश्नाला गडबडतो. म्हणून मेलबर्नचे खाते एकदा नीट मांडून पाहावे, आणि आधी नावेची बाजू लिहावी.

या स्पर्धेसाठी सोळा संघांची सोडत निघाली होती. मैदानात उतरले अकरा. ते वर्षच विलक्षण होते. ऑक्टोबरच्या अखेरीस हंगेरीत उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच सुमारास सुएझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. कालवा बंद पडला आणि मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या मालाला आफ्रिकेचा वळसा घालावा लागला. जुन्या पेढ्यांत त्या काळच्या वाढलेल्या भाड्याची आठवण निघत असेल तर नवल नाही. स्पेन, हॉलंड आणि स्वित्झर्लंड यांनी हंगेरीवरील आक्रमणाच्या निषेधार्थ मेलबर्नवर बहिष्कार घातला, इजिप्तने सुएझपायी, तर चीनने तैवानच्या सहभागावरून. फुटबॉलमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. हा १९५२चा सुवर्णपदक विजेता देश. त्याचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारत न खेळता पुढच्या फेरीत गेला.

हे लाभाचे पान आहे खरे, पण कमाईचे नव्हे. पुढे भारताने तीन सामने खेळले, त्यांपैकी एक जिंकला आणि दोन गमावले. शेवटच्या दोन सामन्यांत मिळून एक गोल केला आणि सात खाल्ले. केवळ एवढीच बाजू वाचली, तर चौथा क्रमांक दैवाने पदरात टाकला असेच कोणीही म्हणेल. तसे म्हणणारे त्या वेळीही होते आणि आजही आहेत.

जमेच्या बाजूला पहिली नोंद १ डिसेंबर १९५६ची. ऑलिंपिक पार्कवर भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. नवव्या मिनिटाला भारताचा पहिला गोल झाला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला भारत पुन्हा पुढे गेला, एकेचाळिसाव्याला मॉरो यांनी पुन्हा फेड केली. मध्यंतराला २-२. उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटे झाली होती, तेव्हा भारताचा तिसरा गोल झाला, आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा करून सामना ४-२ असा मिटवला. पहिले तीनही गोल एकाच माणसाचे होते. मुंबईचे नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

यजमानांना हा पराभव सहजी पचला नाही. पण खात्यात लिहिण्याजोगी गोष्ट पुढे घडली. स्पर्धा संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सामना मैत्रीचा होता. भारत ७-१ असा जिंकला. एकदा मिळालेला नफा कदाचित बाजाराचा असेल. त्याच मालावर, त्याच गिऱ्हाइकाशी दुसऱ्यांदा मोठा नफा झाला, तर माल चांगला होता असेच मानावे लागते.

दुसरी नोंद युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याची. ती एकट्याने वाचता येत नाही, मागची बाकी ओढून आणावी लागते. १९५२ साली हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. १९४८ साली लंडनमध्ये फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळून संघ अवघ्या एका गोलाने, १-२ असा हरला होता आणि दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या. त्या अनवाणी खेळाचे फार कौतुक झाले. कौतुकाने पाय मात्र उबदार होत नाहीत. हेलसिंकीच्या गारठ्यात ते कळले आणि त्यानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. हा निर्णय अपमानातून आला, तरी घेतला गेला हे विशेष. तोटा दिसल्यावरही जुनी वहिवाट सोडायला तयार नसलेली माणसे प्रत्येक धंद्यात असतात.

चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९५६ला, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर होता. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल डिसोझा यांनी गोल केला आणि भारत चक्क पुढे गेला. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. पाठोपाठ युगोस्लाव्हियाचे तीन गोल झाले आणि शेवटी एक गोल आपल्याच बचावपटूच्या पायावरून आत गेला. १-४. मात्र हा युगोस्लाव्हिया १९४८ आणि १९५२ या दोन्ही स्पर्धांत रौप्यपदक घेऊन गेलेला होता, या वेळीही अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाकडून अवघ्या एका गोलाने हरला आणि १९६० साली सुवर्ण घेऊन मोकळा झाला. अशा संघासमोर १-१० पासून १-४ पर्यंतचे अंतर चार वर्षांत कापले गेले, आणि तेही काही काळ पुढे राहून. पदकतालिकेत या प्रगतीला रकाना नाही.

नेव्हिल डिसोझा यांनी त्या स्पर्धेत एकूण चार गोल केले. बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे तोदोर व्हेसेलिनोविच यांचेही तेवढेच. म्हणजे मेलबर्नमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत मुंबईच्या मैदानांवर घडलेला एक खेळाडू होता.

ही मैदाने कशी होती, हे समजल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे, आणि मुंबईचे फुटबॉल नोकरदारांच्या जिवावर उभे होते. टाटा, कॅलटेक्स, रेल्वे अशा कंपन्यांचे आणि खात्यांचे संघ हारवुड लीगमध्ये खेळत. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक रंगे, ज्याची परंपरा १८९१ पासूनची. नेव्हिल टाटांच्या संघातून खेळले, पुढे कॅलटेक्सकडून. १९५४च्या हंगामात मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघातही ते होते. मेलबर्नच्या संघात मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण यांचाही समावेश होता. दिवसा कचेरी, संध्याकाळी सराव, असा तो जमाना. ‘खेळून पोट भरते का?’ हा आपल्या घरांतून आजही विचारला जाणारा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल. त्यांनी पोटासाठी नोकरी धरली आणि खेळ सोडला नाही. आज खानदेशातील पुष्कळ घरांत नववीपर्यंत मुलगा मैदानावर दिसतो आणि दहावीचा वर्ग लागला की बूट माळ्यावर जातात. वडिलांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, कारण कंपन्यांचे ते संघ आता राहिले नाहीत आणि व्यावसायिक खेळाडू होण्याची वाट अरुंद आहे. पण त्या हिशेबात एक रक्कम हमखास राहून जाते. संघात खेळणाऱ्या मुलाला हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जावे लागते. ही सवय पेढीवर बसल्यावर लावू म्हटले तर लागत नाही.

मग एवढे सगळे घडूनही महाराष्ट्राच्या आठवणीत मेलबर्न का नाही? चौथ्या क्रमांकाला पदक नसते, हे एक कारण. दुसरे कारण त्या आठवड्याचे आहे. ६ डिसेंबरला मेलबर्नमध्येच भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्ण जिंकले. फुटबॉलच्या पराभवाकडे पाहायला कोणाला सवड असणार? आणि त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला, ज्या दिवशी बल्गेरियाविरुद्ध भारत हरत होता, त्या दिवशी मुंबईत दादरला लाखोंचा जनसागर अंत्यदर्शनाला लोटला होता. एका खेळाच्या निकालाने त्या दिवशी मनात जागा मागावी, हेच अनुचित ठरले असते. राज्याचे वातावरणही तापलेले होते. १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, आणि पश्चिम खानदेश जिल्ह्यातील सोनगीर-धुळ्याच्या पेठांतही चर्चा त्याचीच असणार. मेलबर्नची बातमी आली आणि गेली.

सहा वर्षांनी मात्र सोने आले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तातील आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे ते गोल. प्रशिक्षक रहीमच होते. कर्करोगाने त्यांना ग्रासले होते, आणि ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्या सुवर्ण संघात मेलबर्न पाहिलेले बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज हे होते, आणि मुंबईकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते. चौथ्या क्रमांकात गुंतवलेले भांडवल असे दुसऱ्याच खात्यावर व्याजासह जमा झाले. नेव्हिल मात्र त्या संघात नव्हते.

नेव्हिल यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२चा, गोव्यातील बार्देशमधल्या आसगावचा. मेलबर्नमध्ये भारताचा गणवेश घालून ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करत होते, तेव्हा गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. त्याच्या सव्वा वर्ष आधी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्यात शिरलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. महाराष्ट्रातील अनेक घरांनी त्या सत्याग्रहात माणसे पाठवली होती. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली. म्हणजे १ डिसेंबर १९५६ला भारताच्या वतीने मैदान मारणारा हा माणूस ज्या गावी जन्मला, ते गाव भारताच्या नकाशात नव्हते. ऑस्ट्रेलियाला हरवणे सोपे होते की कठीण, यावर वाद घालता येईल. या एका गोष्टीवर घालता येणार नाही.

१९६१ साली केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. फुटबॉलसाठी पहिल्या वर्षी पी. के. बॅनर्जी यांची निवड झाली, दुसऱ्या वर्षी बलराम, तिसऱ्या वर्षी चुनी गोस्वामी. नेव्हिल डिसोझा यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. त्याच १९६१च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. नेव्हिल मार्च १९८० मध्ये वारले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आसगाव भारतात येऊन तोवर अठरा वर्षे झाली होती.