तळे कोणाचे?

पावसाळ्यात मोखाड्याकडे फिरकणारे शहरी रसिक मध्य वैतरणेचा जलाशय पाहून हळहळतात : इथे नौकाविहार हवा, श्रीनगरसारख्या हाउसबोटी हव्यात! ही रसिकता आम्हांस मान्य नाही. कोचाळे येथील १०२ मीटर उंचीचे हे धरण मुंबई महापालिकेने बांधले, ते मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी पुरवण्यासाठी. त्याच मोखाडा तालुक्यातले आदिवासी पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पर्यटनाने रोजगार मिळेल, हे आम्ही नाकारत नाही. परंतु तहानलेल्याने आपल्याच उशाच्या पाण्यावर पाहुण्यांची नाव वल्हवावी, यास विकास म्हणणे हा निलाजरेपणा आहे. आधी पाड्यांवर नळ पोहोचू द्या. नावांचे मग पाहू.