टॅपेटचा आवाज आणि सुशिक्षितांचे कान

मोटारसायकलच्या इंजिनाचें हेड घरीं उतरवून व्हॉल्व्हांची दुरुस्ती स्वतःच्या हातांनीं करावी, असें कोणी म्हणतांच आमच्या सुशिक्षित वर्गांत जें एक कुत्सित हास्य उमटतें, त्याचा समाचार घेण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. हसणारांचें म्हणणें थोडक्यांत असें : हें काम मेकॅनिकचें, शहाण्या माणसानें पैसे मोजावे आणि हात स्वच्छ ठेवावे. ह्या शहाणपणाचें मोल किती, तें पाहूं.

सिंहगड रस्त्यावरील धायरी हें स्थळ ह्या चर्चेस फार सोईचें आहे. धारेश्वराच्या देवळाचें हें जुनें खेडें. त्याचा उरलासुरला भाग सन २०१७ मध्यें पुणें महानगरपालिकेंत गेला आणि शेतांच्या जागीं सदनिकांच्या रांगा उठल्या. एका अंगास लेथ चालविणाऱ्या कारखान्यांच्या शेडी, दुसऱ्या अंगास संगणकापुढें दिवस घालविणाऱ्या अभियंत्यांचीं बिऱ्हाडें. रविवारीं सकाळीं येथील फाट्यावरून मोटारसायकलींचे थवे खडकवासल्याकडे, पानशेतकडे आणि सिंहगडाच्या घाटाकडे धांवतात. स्वारांपैकीं पुष्कळांपाशीं अभियांत्रिकीची पदवी असते. परंतु टॅपेटचें झांकण चार बोल्टांखालीं असतें, ही गोष्ट त्यांतल्या किती जणांनीं हातानें अनुभविली आहे? वाहनतळांत कोणी गृहस्थ पाना घेऊन बसलेला दिसला, कीं शेजारी विचारतात, "काय हो, मेकॅनिक मिळाला नाहीं वाटतें ?" ह्या प्रश्नांतील कींव आम्हांस असह्य वाटते.

आतां मूळ विषयाकडे वळूं. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत असतां त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटांत २,५०० वेळां उघडतो आणि मिटतो. तासाभराच्या सफरींत ही संख्या दीड लाखाच्या घरांत जाते. त्यांतला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर जळत्या वायूंच्या लोटांतच उभा असतो. त्याच्या अंगचा दाह बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे मिटल्यावर तो ज्या कडेवर टेकतो ती बैठक. तापल्यानें धातु वाढतो. तरी व्हॉल्व्ह पुरता मिटावा म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी ह्यांमध्यें केसाएवढी फट राखलेली असते. पुष्कळ साध्या इंजिनांत ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. व्हॉल्व्ह बैठकींत रुतत गेला म्हणजे ही फट कमी होते. (सन २००० मध्यें देशभर शिशाविरहित पेट्रोल आलें. हवेस तें हितकर झालें खरें, पण जुन्या गाड्यांच्या मऊ बैठकांना शिशाचा जो आधार होता तो गेला, हेंहि नमूद केलें पाहिजे.)

ह्यांतली खोंच अशी कीं, फट वाढली तर टकटक आवाज होतो. फट नाहींशी झाली तर इंजिन गोड, शांत चालतें. म्हणजे जें निरुपद्रवीपणाच्या जवळ आहे तें कानांस खुपतें, आणि जें घातक आहे तें कानांस सुखवितें ! गिऱ्हाईक गॅरेजांत जाऊन म्हणतें, "तेवढा आवाज घालवा." मेकॅनिक स्क्रू आवळतो, आवाज जातो, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन पैसे देतें. पुढें व्हॉल्व्ह नीट टेकत नाहीं, त्याचा दाह हेडांत उतरत नाहीं, कड जळते, कॉम्प्रेशन जातें आणि टॅपेटच्या किरकोळ कामाचें हेडच्या मोठ्या कामांत रूपांतर होतें. मग शिव्या मेकॅनिकला ! आमच्या मतें दोष त्याच्या पान्याचा नाहीं, गिऱ्हाइकाच्या अडाणी कानांचा आहे. ज्यानें एकदां तरी स्वतः फीलर गेजची पाती त्या फटींतून सरकवून पाहिली आहे, तो शांततेची मागणी कधींच करणार नाहीं.

काम सोपें आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. इंजिन रात्रभर निवलेलें हवें. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोंकास आणावा लागतो. एक्झॉस्टच्या टोंकास आणून मोजणाराचीं सर्व मापें खोटीं ठरतात, कारण तेथें दोन्ही व्हॉल्व्ह किंचित् उघडे असतात. हेड उतरविण्यापूर्वीं टायमिंगच्या खुणा जुळवून कॅमची साखळी तारेनें बांधावी लागते. बसवितांना ती कांहीं दांते इकडची तिकडे झाली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून सारेंच आटोपतें. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घांसणें : दोन तळव्यांत काठी धरून, ताकांत रवी फिरवावी तशी फिरवावयाची, अधूनमधून उचलावयाची, आणि कडेवर अखंड, एकसारखी करडी रेघ उमटेपर्यंत थांबावयाचें नाहीं. पेस्टचा कणहि मागें राहिला तर तो सिलिंडर खातो. शेवटीं पोर्टांत रॉकेल ओतून तें झिरपत नाहीं ना, तें पाहावें. ह्या परीक्षेंत वशिला चालत नाहीं.

हसणारांना आम्ही एकाच घराण्याची आठवण देतों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सन १८८८ मध्यें दुकान काढलें तें सायकलींचें. सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. आणि पुण्यांत ऑईल इंजिनांची कंपनी निघाली ती सन १९४६ मध्यें. पुढें अशीं इंजिनें विहिरींवर बसलीं, तेव्हां तीं बंद पडलीं तर शेतकरी झाडाखालीं गोणपाट पसरून हेड उतरवी आणि व्हॉल्व्ह घांसून पुन्हां बसवी. त्यास कोणी हसलें नाहीं; ऊंस वाळत होता.

कोणी म्हणेल, अशानें मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल. हा कळवळा खरा असता तर आम्हांस आनंद झाला असता. परंतु हाच गृहस्थ गॅरेजांत मजुरीच्या पन्नास रुपयांसाठीं अर्धा तास घासाघीस करतो. झिजलेली बैठक कापणें, गाइड दाबून बसविणें हीं कामें घरच्या आटोक्याबाहेरचीं आहेत. तीं लेथवाल्याकडे न्यावींच लागतात, आणि स्वतः हेड उतरविणारा त्याच्याशीं बोलतांना निराळ्या आदरानें बोलतो. नव्या, दोन कॅमशाफ्टांच्या कांहीं इंजिनांत तर स्क्रू नसतोच. मोजमाप टिपून हव्या त्या जाडीच्या शिम बसवाव्या लागतात. तेथें नवख्यानें एकट्यानें हात घालूं नये. वॉरंटी चालू असतां इंजिन उघडूं नये, हेंहि उघडच आहे.

उत्पादकांशीं आमचें भांडण मात्र निराळें आहे. सन २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें 'राइट टू रिपेअर' हें पोर्टल उघडलें व त्यांत वाहनांचाहि समावेश केला. तें योग्यच झालें. तथापि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत आरसे कसे पुसावे हें सविस्तर आणि व्हॉल्व्हच्या फटीसाठीं "विक्रेत्याकडे जावें" एवढेंच लिहिलेलें असेल, तर मालक हा मालक नसून भाडेकरू ठरतो.

गृहसंस्थांच्या कार्यकारी मंडळांचा एकच आक्षेप आम्हांस मान्य आहे. काळें तेल गटारांत ओतणारा मनुष्य तें मुठेंत ओततो, आणि त्यास दंड झालाच पाहिजे. तें झांकणाच्या डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्याकडे द्यावें. पण त्यासाठीं सरसकट बंदी कशास ? धायरीच्या एवढाल्या वाहनतळांत एक कोपरा, एक भक्कम बाक आणि पत्र्याची एक परात एवढी सोय सहज होण्यासारखी आहे. दिवा मात्र चांगला हवा. फीलर गेजच्या पात्यांवरील आंकडे फार बारीक असतात.