हरित चहा आणि भुकेचा बाजार

वजन उतरविण्यासाठी हरित चहाच्या कॅप्सूल मागणारा रुग्ण आता मुळशीतील औषधालयांनाही अपरिचित नाही. (परसातील गवती चहा ही वनस्पतीच निराळी.) आधार म्हणून शिकागो विद्यापीठातील २००० सालचा प्रयोग सांगितला जातो. ईजीसीजी टोचलेल्या उंदरांचे खाणे घटले, लेप्टिन व टेस्टोस्टेरॉन उतरले, हे खरे. परंतु तेच द्रव्य मुखावाटे देता तसा परिणाम दिसला नाही. विक्रेत्याच्या पत्रकातून नेमके हेच गळते! दररोज ८०० मिलीग्रॅम वा अधिक ईजीसीजी पूरकांतून घेतल्यास यकृताची विकरे रक्तात वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदविले. अग्निमांद्यालाच गुण म्हणणे आम्हांस मान्य नाही. कामलेचा पूर्ववृत्तांत विचारल्यावाचून औषधविक्रेत्या बंधूंनी ही बाटली देऊ नये.