पाच रियालांची वर्गणी



मागच्या अंकात आम्ही गुडघ्यांच्या व्यायामाविषयी लिहिले होते. त्यावर पुष्कळ जणींचे फोन आले, की सिस्टर, आता पाठीवर लिहा. पाठीवर लिहूच. पण मध्येच मस्कतहून एक प्रश्न आला आणि तो काही डोक्यातून जाईना, म्हणून पाठ पुढच्या अंकी.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे की इस्राएलला येण्याआधी आम्ही नऊ वर्षे ओमानमध्ये नर्स होतो. मुंबईच्या नर्सिंग होस्टेलात आमची जी रूममेट होती, मालवणकडची, तीही मत्राहला आमच्याच वॉर्डात होती. आम्ही इकडे आलो, ती तिथेच राहिली. पुढे मुलगा तिथे नोकरीला लागला, नातू तिथेच जन्मला. तो आता पंधरा वर्षांचा आहे आणि आम्हाला 'सिस्टर आजी' म्हणतो. त्याचा निरोप आला तो असा: "सिस्टर आजी, मी गाडी विकत घेतली, पैसे पूर्ण भरले. पण महिन्याची वर्गणी बंद केली तर ती गाडी मला चालवता येणार नाही. हे बरोबर आहे का?"

आम्ही घाबरलोच. म्हटलं पंधरा वर्षांच्या पोराला गाडी कुणी घेऊन दिली! मग आजीने फोन करून उलगडा केला. गाडी म्हणजे कॉम्प्युटरमधली.

आता आमच्या वयाच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल, मुलांनी हसू नये. टेबलाला एक खरेखुरे स्टिअरिंग बसवतात, खाली पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. स्टिअरिंगच्या आत मोटर असते, त्यामुळे वळणावर ते हाताला उलटे ढकलते, खऱ्या गाडीसारखे. समोरच्या पडद्यावर रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावर देशोदेशीची खरी माणसे आपापल्या घरी बसून गाड्या पळवत असतात. ह्याला रेसिंग सिम्युलेटर म्हणतात. मुलगा जो खेळतो त्याचे नाव आयरेसिंग. अमेरिकेत डेव्ह केमर आणि जॉन हेन्री ह्यांनी २००४ मध्ये ती कंपनी काढली आणि २००८ मध्ये खेळ लोकांसाठी खुला झाला. खऱ्या शर्यतीचे रस्ते लेसरने मोजून त्यात आणलेले आहेत, खड्डे-उंचवट्यांसकट. २०२० मध्ये करोनामुळे खऱ्या शर्यती बंद पडल्या तेव्हा अमेरिकेतल्या नॅस्कारचे ड्रायव्हर ह्याच खेळात एकमेकांशी शर्यती लावत होते आणि त्या टीव्हीवर दाखवल्या गेल्या. मुलाच्या वडिलांनी स्टिअरिंग आणले तेही त्याच सुमारास. ऑफिस परत सुरू झाल्यावर ते दोन वर्षे पलंगाखाली पडून होते. मग पोराने ते बाहेर काढले.

त्याने घेतलेली गाडी बीएमडब्ल्यू एम४ जीटी३. का, तर ओमानचा अहमद अल हार्थी ह्याने २०२४ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत व्हॅलेंतिनो रॉसी आणि मॅक्सिम मार्टिन ह्यांच्याबरोबर तसलीच गाडी चालवली. त्याच्या आदल्या वर्षी हाच अल हार्थी ल मान्सला आपल्या गटात दुसरा आला होता. आम्ही होतो तेव्हा मस्कतमध्ये शर्यत म्हटली की उंटांचीच.

आता हिशोब. महिन्याची वर्गणी १३ डॉलर. ओमानचा रियाल १९८६ पासून डॉलरला खुंटीसारखा बांधलेला आहे, एका रियालला २ डॉलर ६० सेंट. म्हणजे बरोबर ५ रियाल. (बालमित्रांनो, त्या रियालाचे हजार भाग होतात, त्यांना बैसा म्हणतात. म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, आखातासाठी रिझर्व्ह बँकेने काढलेला वेगळा रुपया.) वर्षाचे एकदम भरले तर ११० डॉलर, म्हणजे ४२ रियाल ३०० बैसा. दर महिन्याला भरत गेले तर वर्षाला ६० रियाल पडतात.

एवढ्यावर भागले असते तर प्रश्नच नव्हता. ह्या वर्गणीत काही गाड्या आणि काही रस्ते मिळतात. जपानचा ओकायामा, अमेरिकेतले लगुना सेका आणि लाइम रॉक, असे. नवशिक्याला तेवढे पुरतात. नवशिक्याला रुकी म्हणतात. न धडकता नीट चालवत गेला की लायसन्स डी, मग सी, बी, ए असे चढत जाते. पण वरच्या शर्यतीत दर आठवड्याला रस्ता बदलतो, एका हंगामात बारा आठवडे. तो रस्ता आपल्याकडे नसला तर त्या आठवड्यात घरी बसा. गाडी ११ डॉलर ९५ सेंटला, रस्ता बहुधा १४ डॉलर ९५ सेंटला. मुलाने दीड वर्षात तीन गाड्या आणि सात रस्ते घेतले. एकदम जास्त घेतल्यास सूट मिळते ती सोडली, तर सुमारे ५४ रियाल झाले. सगळे वाढदिवसाचे आणि बक्षिसाचे पैसे. आणि वर्गणी थांबली की ह्या तीन गाड्या आणि सात रस्ते त्याच्या नावावर राहतात, पण कुलपात.

आम्ही त्याला विचारले, तुला पागडी ठाऊक आहे का? कशी असणार! पण आपल्या वाचकांपैकी ज्यांनी भायखळ्याला, माझगावला खोल्या घेतल्या त्यांना चांगली ठाऊक आहे. आधी पागडीची रक्कम मोजायची, वर दर महिन्याला भाडे. खोली 'आपली', पण भाडे थकले की घरमालक दारात. गाडीची किंमत ही पागडी आणि पाच रियाल हे भाडे. फरक एवढाच की पागडीची खोली सोडताना निदान दुसऱ्याला देता यायची आणि घरमालकाचा वाटा वजा जाऊन काही हातात पडायचे. ही गाडी दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

मग तो म्हणाला, "म्हणजे फसवणूकच ना?" नाही रे बाबा. हे आधी सांगून सवरून घेतलेले पैसे आहेत. पण कंपनी असे का करते ते समजून घे.

मत्राहहून रुवीला जायला त्या काळी छोट्या बस असायच्या, बैसा बस म्हणायचो आम्ही. भरल्याशिवाय ती सुटायची नाही. सकाळी सातला पाच मिनिटांत भरायची. दुपारी दोनला उन्हात तासभर बसून राहावे लागे. मग एखादा माणूस कंटाळून उतरून जाई, आणि त्यामुळे आणखी उशीर, आणि मग दुसरा उतरे. ह्या खेळाचेही तसेच आहे. ठराविक संख्येने माणसे नोंदली तरच शर्यत अधिकृत धरतात. कमी पडली की गुण नाहीत. गुण नाहीत म्हणून पुढच्या वेळी आणखी कमी. म्हणजे कंपनी जे विकते ते गाडी नव्हे, शेजारी उभी असलेली दुसरी माणसे. माणसे टिकली तरच माल आहे.

आणि माणसे टिकवणे म्हणजे काय ते नर्सला शिकवू नका. १९७२-७३ साली मुंबईत आम्ही क्षयाच्या दवाखान्यात होतो. तेव्हा औषध वर्ष-दीड वर्ष घ्यावे लागे. दोन महिन्यांत खोकला थांबे, भूक लागे, आणि पेशंट गायब. कार्ड घेऊन चाळी पालथ्या घालायचो. रागावून परत आलेला एकही आम्हाला आठवत नाही. परत यायचे ते दोन कारणांनी. एक, दवाखान्यातले कोणीतरी नावाने हाक मारणारे असले तर. दुसरे, आजवर घेतलेली इंजेक्शने फुकट जातील ह्या भीतीने. 'एवढं केलंत, आता सोडता?' हे वाक्य आम्ही हजारदा बोललो असू.

कंपनीच्या हातातही ह्याच दोन दोऱ्या आहेत. बारा आठवड्यांपैकी आठ आठवडे शर्यत केली तर काही डॉलर खात्यात जमा होतात, ते पुढच्या खरेदीला चालतात. लायसन्सचे अक्षर वर चढते. ओळखीचे लोक भेटतात. ही एक दोरी, आणि ती आम्हाला प्रामाणिक वाटते. दुसरी दोरी कुलपाची. ती पेशंटच्या भल्यासाठी आम्हीही ओढली, पण तिथे पेशंटचा जीव वाचायचा. इथे कुणाचा जीव वाचतो?

तरी एकदाच पैसे घेणारे फार साधू आहेत असेही नाही. इटलीचा असेटो कोर्सा २०१४ मध्ये पुरा झाला, एकदा विकत घेतला की महिन्याचे काही नाही. मग २०१९ मध्ये त्याचा दुसरा अवतार आला, २०२५ मध्ये तिसरा येऊ लागला. प्रत्येक वेळी नव्याने खरेदी. सर्व्हरची वीज आणि कारागिरांचे पगार कुठून तरी निघायलाच हवेत.

हा प्रश्न आताच का निघाला, ते आजीने शेवटी हळू आवाजात सांगितले. मुलाच्या वडिलांची नोकरी गेली. एका कंत्राटदाराकडे ते हिशोबनीस होते. ती जागा आता ओमानी तरुणाला द्यायची आहे. आम्ही त्यावर काही बोललो नाही. आमचीही जागा शेवटी आमच्याच हाताखाली शिकलेल्या ओमानी मुलीने घेतली होती, आणि ती मुलगी आमच्यापेक्षा चपळ होती. आपल्या देशात आपल्या पोरांना काम मिळावे हे बरोबरच. पण चौघांचे कुटुंब आता कुडाळला परतणार, आणि घरात प्रत्येक रियालाची चौकशी सुरू झाली. पाच रियाल मस्कतमध्ये मोठी रक्कम नव्हे. पण कंपनी दर डॉलरमध्ये लावते, आणि कुडाळला ते दर महिन्याला हजार रुपयांच्या वर जातात.

मुलगा वर्गणीसाठी हट्ट करत नव्हता, हे विशेष. तो म्हणाला, "आजी, गाडीचं जाऊ दे. पण गुरुवारी रात्री एक पोर्तुगालचा काका असतो आणि एक जर्मनीचा मुलगा असतो. त्यांना काय सांगू?" ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून त्याला गुरुवारी रात्रीच परवानगी. युरोपात लोक जेवून खेळायला बसतात तेव्हा मस्कतला अकरा वाजतात. अमेरिकेत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे चार-पाच, म्हणून अमेरिकन त्याला कधी भेटलेच नाहीत. ह्या दोघांची नावे त्याला ठाऊक आहेत, चेहरे नाहीत. जर्मनीचा मुलगा तिसऱ्या वळणावर नेहमी उशिरा ब्रेक मारतो, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे.

आमचा सल्ला आम्ही नर्सच्या भाषेत दिला. सलाईन उपटून काढायचे नाही, बाटली संपू द्यायची. वर्गणी आपोआप पुढे वाढते ती आधी बंद कर. (ह्या बाबतीत आमचे स्वतःचे कान टोचले गेले आहेत. एका वाहिनीचे, नाव घेत नाही, अकरा महिने पैसे जात होते आणि आम्ही एकही कार्यक्रम पाहिला नव्हता.) भरलेले दिवस संपेपर्यंत खेळ. दोन वर्षांची स्वस्त वर्गणी समोर आली तरी आता घेऊ नकोस. खाते जागेवर राहते. दहावी झाल्यावर, नोव्हेंबरात सवलती निघतात तेव्हा, एक महिना घेऊन पाहा, कुलूप उघडेल. तोवर जुना असेटो कोर्सा घे, तो बराच स्वस्त झाला आहे आणि स्टिअरिंग तेच चालते. आणि काकाला आणि त्या मुलाला सरळ खरे सांग.

त्याने सांगितले. शेवटच्या गुरुवारी तिघे एकाच शर्यतीत होते. आमचा हा अकरावा आला, काका चौथे. जर्मनीच्या मुलाने तिसऱ्या वळणावर त्याला आधी जाऊ दिले म्हणे.

मागच्या रविवारी आजीचा फोन आला. विमानाचे सामान बांधताना स्टिअरिंग बसेना. पेडल बसले, पण चाकाचे वजन जास्त. मुलाचे वडील म्हणाले, इथेच विकून टाकू, पंधरा रियाल येतील. तेव्हा आजीने स्वतःची बॅग उघडली आणि वरच्या तीन साड्या काढून शेजारणीला दिल्या.