मोर्चा धरायचा तर रसद हवी

गेल्या महिन्यात रविवारच्या आउटपासवर दोन कॅडेट माझ्याबरोबर होते. रायटर्स बिल्डिंगच्या मागे लायन्स रेंज नावाचा रस्ता आहे. तिथे कलकत्ता स्टॉक एक्स्चेंजची जुनी इमारत उभी आहे. ती पाहता पाहता सांगलीकडचा कॅडेट म्हणाला, "सर, बाबांनी बिटकॉइन घेतलेत. रोज रात्री फोनवर भाव बघत बसतात. रोज घ्यावं-विकावं, की घेऊन गप्प बसावं?"

वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि पैसे ग्रॅच्युइटीतले. मी नकाशा-वाचन शिकवतो, अर्थशास्त्र नव्हे. पण माझ्याही घरात निवृत्तीच्या पैशांची बोलणी होतात, म्हणून प्रश्न टाळला नाही.

रोजच्या खरेदी-विक्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : करू नये. शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आधीच्या तीन वर्षांत दहापैकी नऊहून अधिक वैयक्तिक सौदेबाज तोट्यात गेलेले आढळले. क्रिप्टोचा बाजार तर रात्रीही बंद होत नाही. शिवाय आपला करकायदा बघा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा एका नाण्यात ५०,००० मिळाले आणि दुसऱ्यात ५०,००० गेले. हातात शून्य, आणि कर १५,००० रुपये, वर उपकर वेगळा! त्यातच १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आला. जादा कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मागता येतो, पण रोज सौदे करणाऱ्याचं भांडवल तोवर अडकून पडतं. (आमच्यातल्या नागरी शिक्षकांसाठी एक आठवण : केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच मानला आहे.)

यावर कॅडेट लगेच म्हणाला, "म्हणजे सर, पोझिशन होल्ड करायची!"

इथे मात्र मी त्याला थांबवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होतं. वर्षभराने ते १६,००० च्या खाली आलं. जुना उच्चांक ओलांडायला मार्च २०२४ उजाडला. कागदावर हे सोपं दिसतं : दोन-सव्वादोन वर्षं थांबायचं. पण त्या काळात घरात लग्न निघतं, कुणाचं ऑपरेशन निघतं, फीची तारीख येते. एक लाखाचे तेवीस-चोवीस हजार झालेले असताना विकावं लागलं, तर वर्षभर धरलेल्या धीराचा काय उपयोग? चौकी धरून ठेवा असा हुकूम येतो तेव्हा मागून रसद येणार हे गृहीत असतं. दारूगोळा आणि शिधा नसताना धरलेली चौकी किती दिवस टिकेल, हे कॅडेटना मी सांगायला नको.

लायन्स रेंजने हे पाहिलेलं आहे. १९०८ साली हे एक्स्चेंज स्थापन झालं. त्याआधी दलाल याच भागात कडुनिंबाच्या झाडाखाली जमत. मार्च २००१ मध्ये भाव कोसळले तेव्हा इथल्या काही दलालांना देणी चुकती करता आली नाहीत. त्या काळी 'बदला' पद्धतीने उसन्या पैशावर सौदे पुढे ढकलता येत. उसन्या पैशाने धरणाऱ्याला थांबण्याची मुभाच नव्हती. पूर्ण पैसे मोजून शेअर घेतलेल्याला होती. २०१३ मध्ये सेबीने इथले व्यवहार थांबवले. आज इमारत आहे, बाजार नाही.

दुसरी गोष्ट, धरलंय ते काय? मे २०२२ मध्ये लुना नावाचं नाणं काही दिवसांत जवळपास शून्यावर आलं. ते धरून बसणाऱ्याला धीराचं काहीही फळ मिळालं नाही. कंपनीच्या शेअरमागे कारखाना असतो, लाभांश असतो. बिटकॉइनमागे पुढच्या गिऱ्हाइकाखेरीज काही नाही. कुणी म्हणेल, आजीच्या सोन्याला तरी कुठे व्याज मिळत होतं? खरं आहे. पण आजीची पाटली तिच्याच कपाटात होती आणि अडीअडचणीला सराफ ती ओळखत होता. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन सुमारे २,००० कोटी रुपयांची नाणी गेली. अनेक खातेदारांना कित्येक महिने स्वतःचीच नाणी काढता आली नाहीत. चावी दुसऱ्याकडे असेल तर धरणाराही दुसराच असतो.

माझं मत असं : घ्यायचंच असेल तर पूर्ण बुडाले तरी घराचा एकही बेत मोडणार नाही एवढेच पैसे घालावेत आणि मग भाव बघणं सोडावं. फौजी कुटुंबाच्या बाबतीत ही रक्कम बहुतेकदा फार लहान निघते. डीएसओपी फंडाचे ७.१ टक्के मुलांना कंटाळवाणे वाटतात, ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर मी त्याला एवढंच सांगितलं, "भाव विचारू नकोस. ते पैसे कोणत्या महिन्यात लागणार आहेत, ते बाबांना विचार."

बुधवारी रोल कॉलनंतर तो भेटला. "सर, जूनमध्ये ताईची नर्सिंगची फी आहे. बाबांनी तेवढे काढून बँकेत ठेवले. उरलेले ठेवलेत, पण फोन आता रात्री आईकडे असतो."