लक्षद्वीपला जाताना भातसा आठवा

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांचे समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो आले आणि लक्षद्वीप घराघरात पोचले. आता आपल्या शहापूर-मुरबाडकडेही सुट्टीच्या गप्पांत हे नाव निघते. बेटांवर नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती मुसलमानांची. मशिदी जवळ, खाण्यापिण्याची अडचण नाही, म्हणून घरातली वडीलमाणसेही तयार होतात.

पण प्रवास सरळ नाही. शहापूरकराने आसनगावहून लोकल धरायची, मुरबाडकराने एसटीने कल्याण गाठायचे. मुंबईहून विमानाने कोची, तिथून छोट्या विमानाने दीड तासात अगत्ती. विमान उतरते ते बेट हेच, पुढे होडी. जहाजाने जायचे तर कोचीहून १४ ते १८ तास. त्यातही कोचीचे विमानतळ नेडुंबासेरीला आणि जहाजाचा धक्का विलिंग्डन बेटावर, म्हणजे मध्ये तासाभराहून जास्त रस्ता. त्यामुळे जाताना कोचीत एक मुक्काम मोकळा ठेवावा, आणि परतीचे मुंबईचे तिकीट अगत्तीहून निघण्याच्या दिवशीचेच काढू नये. समुद्र खवळला की वेळापत्रक कोलमडते. पावसाळ्यात तर बेत न आखलेलाच बरा.

शिवाय प्रवेशाचा परवाना लागतो. अनेकांना ही कटकट वाटते. 'आपल्याच देशात परवाना कशाला?' असे विचारले जाते. मला वाटते, तो असायलाच हवा.

३६ बेटे, त्यातली १० वस्तीची. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेनुसार माणसे ६४ हजारांहून अधिक. नदी नाही, धरण नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते. म्हणून २००५मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा राहिला, दिवसाला १ लाख लिटरचा. अशा ठिकाणी पाहुण्याने दोनदा शॉवर घेणे ही साधी गोष्ट नाही.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुरबाडची गावे बारवी धरणाखाली गेली. दुसऱ्याच्या सोयीसाठी आपले पाणी जाणे म्हणजे काय, हे आपण जगलो आहोत. तेच आपण पर्यटक होऊन दुसऱ्या गावाला करायचे का?

क्रूझवाले म्हणतात, पाहुणे रात्री जहाजावरच राहतात, बेटावर भार नाही. यात तथ्य आहे. पण मग पाहुण्याचा पैसाही बहुतेक जहाजावरच राहतो. बेटावरच्या माणसाच्या वाट्याला गर्दी आणि कचरा. त्यापेक्षा थोड्यांनी जावे, स्थानिकांच्या घरी उतरावे, बादलीने आंघोळ करावी, प्लास्टिक परत आणावे. एजंटला दर विचारतो तसे 'पाणी कुठून येते?' हेही विचारावे.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. जिथे नदीच नाही, तिथे ती किती पाळतो यावरून आपण कसले मुसाफिर आहोत ते ठरेल. बेटावरचे लोक मुसलमान आहेत म्हणून आपल्याला तिथे जास्त हक्क मिळत नाही, जबाबदारी मात्र जास्त येते.